अर्ध्यावर मका

—नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू जावईबापू, तिचा एक पाय आखूड आहे — बसलात? बघा, डुगडुगलात ना! आता हसू नको तर काय करू? अहो, ती पाढेवाल्यांची खुर्ची. आमच्या ह्यांचे एक लांबचे भाऊ होते, यायचे आणि नेमके तिथं बसून पोरांना पाढे विचारायचे — एकोणतीसचा, तोही उलटा! म्हणून मीच एकदा करवतीनं तिचा पाय बोटभर कापला. आता तुमच्यापासून काय लपवायचं? पण ते मोठे चिवट, डुगडुगत डुगडुगत बसायचे, पोरं कधी येतायत म्हणून वाट बघत. आणि त्यानंतर पोरं त्यांना कधी सापडलीच नाहीत, का कोण जाणे. तुम्हीही उठत नाही म्हणता? बसा, बसा. नातजावई झालात म्हणून काय, जावई तो जावईच.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला हो, डावा कान तर गेलाच, उजव्यात आहे थोडी धुगधुगी. भिंगरी? ती कुठली इथं! फोनवर सांगितलं ना तुम्हाला — मैत्रिणीकडं गेली, दुसऱ्या गावी. कुठल्या म्हणजे? मला कुठली नावं राहतात! चौथीत माझी शाळा सुटली आणि भूगोल होता पाचवीला. तुम्ही आपले शिकलेसवरलेले, तुम्ही शोधा नकाशात. आणि माझा मोबाइल काय केलात? फ्रीजवर ठेवलात? एवढ्या उंच? माझा हात पोचायचा नाही हो तिथं — असू दे, असू दे, नाहीतरी माझे हात पिठाचे आहेत. मी कोणाला फोन करणार आहे म्हणा.

हे? हे पीठ पिझ्झ्याचं. अहो खरंच! म्हातारी पिझ्झा करते म्हटल्यावर सगळ्यांचं तोंड असंच होतं. बघून बघून शिकले मोबाइलवर, त्यातली बाई बोलते भराभर आणि हात चालवते हळू, मी आवाज बंद करून नुसते हात बघते. कोमट पाण्यात चिमूट साखर टाकायची, वर यीस्ट. फसफसलं म्हणजे समजायचं जिवंत आहे. नाही फसफसलं तर मेलेलं आहे, कितीही मळा, फुगायचं नाही. एकदा मी मूठभर घातलं गंमत म्हणून, तर पातेल्याचं झाकण उचलून पीठ बाहेर! मी काय केलं, त्याला टोमॅटोच्या चकत्यांचे दोन डोळे लावले आणि खालच्या शिंपीणबाईला हाक मारली — बाई, जरा वर या, घरात काहीतरी शिरलंय! बाई किंचाळली ती मोठ्या रस्त्यापर्यंत ऐकू गेली. तिच्या दुकानाचं तोंड त्या बाजूला आहे ना, गिऱ्हाईकं कापडं टाकून बाहेर. पण मैत्री कधी तुटली नाही हां आमची. एवढी वर्षं ती खाली, मी वर.

एकटीला एवढा गोळा कशाला? खाते की. आज अर्धा, उद्या शिळा अर्धा. माझं खाणं म्हणजे सगळं मऊ पाहिजे हो, कांदा शिजून लोळागोळा झालेला, टोमॅटो, चीज — बास. कडक काही चालत नाही. शेंगदाणा नाही, मका तर नाहीच नाही — एक दाणा कवळीखाली गेला की जीव नको होतो. त्या दिवशी असाच एक — जाऊ द्या. तुम्हाला काय घालू वर? ढोबळी मिरची? ऑलिव्ह? ऑलिव्ह नाहीत आमच्याकडं. तुम्हाला आवडतात ते, माहीत आहे मला.

आणि ती सुरी खाली ठेवा ना. नुसती टेबलावर टकटक, टकटक — मला ऐकू येत नाही पण टेबल थरथरतं ते हाताला कळतं. ठेवत नाही? बरं, सुरी हातात घेतलीच आहे तर ह्या मिरच्या तरी चिरा. हां, ह्या लहान, हिरव्यागार. बसल्या बसल्या जावयाला काम सांगते म्हणून नावं ठेवा खुशाल. बारीक चिरा. देठ काढा आधी — वा! हात चांगला चालतो हो तुमचा. बारीक गोष्टींवर बारीक लक्ष, भिंगरी म्हणायचीच. म्हणायची म्हणजे — तेव्हा, लग्नानंतर लगेच म्हणायची.

समजूत काढायला आलात ना? हो, समजलं, तिसऱ्यांदा सांगितलंत. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच. मी कुठं नाही म्हणते? फक्त आमच्या घरात भांडं भांड्याला लागायचं, मनगटाला नाही. ती आली — ती जेव्हा कधी मला भेटली, तेव्हा भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून होती, आणि मी कोपराला हात लावला तर असा हिसडा देऊन — मिरच्या चिरा तुम्ही. थांबलात का?

हे बघा, आता थापायचं. लाटणं नाही लावायचं, बोटांनी ढकलत ढकलत न्यायचं, कड जरा जाड ठेवायची, नाहीतर सगळं वरचं पळून जातं. पॅनला तेल. ओव्हन नाही आमच्याकडं, जाड बुडाचा पॅन आणि वर घट्ट झाकण, मंद आच. वरून टोमॅटोचा सॉस, हा मी सकाळीच आटवून ठेवलाय. आता चीज. मग माझा कांदा ह्या बाजूला, हा असा, पसरून. टोमॅटो इकडं. आणि ह्या अर्ध्यावर — वाटी कुठं गेली — ही इथं — ह्या अर्ध्यावर आपला मका, भरपूर, कडेपर्यंत, तिला कडेचा कोरडा घास आव—

काय? मोठ्यानं बोला.

कोणासाठी? मका? माझ्यासाठीच की. मला — हो, म्हणाले मी मघाशी, कवळीखाली दाणा — म्हणाले खरी. तुमच्यासाठी! हां, तुमच्यासाठीच घातला, पाहुण्याला निम्मा नको का? तुम्हाला आवडत नाही? आधीच कसा काढून ठेवला होता? तुम्ही यायच्या आधी? अहो, कसा म्हणजे काय, वाटी आपली फ्रीजमध्ये — उठलात कुठं? बापू, उठलात कुठं? तिथं आतल्या खोलीत माझी गादी आहे नुसती. बघा, बघा जाऊन. ती ओढणी माझीच आहे. म्हाताऱ्या बाईनं पिवळी ओढणी घेऊ नये असा कायदा आहे का? कडी — कडी कशाला लावताय दाराला? लाइटवाला येणार आहे मीटर बघायला — बरं. लावा.

बसा आता. बसा, सांगते.

आहे. इथंच आहे ती. झालं समाधान? मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं झालं माझं, हातच दगा देऊन गेला. गेल्या कित्येक आठवड्यांत पिझ्झा म्हटला की अर्ध्यावर मका, अर्ध्यावर मका, हाताला सवय लागली आणि तोंड एक बोलतं तोवर हात दुसरं करून मोकळा. पण तुम्हाला सांगू का मका काय आहे ते? नाही, ऐकाच, दुपारपासून बसलात तसे अजून बसा. आली तेव्हा मी तिला विचारायची, भिंगरे, वर काय घालू? तर पोर आधी माझ्या तोंडाकडं बघायची. तुला काय हवं, असं विचारलं की जशी काही परीक्षाच! "काहीही." दुसऱ्यांदा विचारलं, "तुला आवडेल ते घाल आजी." अहो, लहानपणी हीच पोर ताटातली मिरचीची बी न् बी वेचून काढायची आणि माझ्या ताटात टाकायची! शेवटी मी नुसती पोळी भाजून पुढं ठेवली, वर काही नाही, कोरडी. म्हटलं सांगेपर्यंत हीच मिळेल. तशीच खाल्लीन. एकदा नाही, कितीदा तरी. मी स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून रडायची, आवाज जाऊ नये म्हणून. आणि मग एक दिवस इथं, ह्या ओट्याला टेकून उभी होती, चपलेचा बंद लावत, आणि म्हणाली, "आजी, अर्ध्यावर मका घालशील?" घालशील का, असं! मी मका आणायला खाली वाण्याकडं गेले, चपला दोन पायांत दोन वेगळ्या. तिनंच मग सांगितलं तुमच्याकडचं — पिझ्झा यायचा तर वर कायम ऑलिव्ह, आणि तिला ते नकोसे होतात, मळमळतं, तर तुम्ही म्हणायचात, खाऊन बघ, सवय होईल. एकेक वेचून बाजूला ठेवला तर तुम्ही तो उचलून परत तिच्या — हो ना? हसलात. हसण्यासारखं आहे खरं. ऑलिव्ह एवढासा असतो.

आता झाकण ठेवते. आच मंद. किती वाजता येते? मला घड्याळ कळत नाही. खरंच नाही कळत, काटे दोन्ही सारखेच दिसतात मला. चष्म्याच्या दुकानात — नाही, दुकानात नाही, मी काही बोलले नाही. फोन करताय? करा, खिडकीपाशी रेंज चांगली येते. मी माझं काम करते. कांदा थोडा उरला, तो संपवते. हूं. हूं. झालं बोलून? कोणाशी, भावाशी? काय म्हणतो? हवेचं? पाऊस नाही म्हणतो? बरं आहे मग. गोड बोलता हो तुम्ही भावाशी, ओठ हलतात ते दिसतं मला, शब्द तेवढे येत नाहीत.

तो — तो वाजला की माझा फोन! बंद पण झाला? एकदाच वाजला. बघा ना कोण ते, माझे हात पिठाचे आहेत. वाचा नाव. "दूधवाला"! मेला तो. उद्या दूध नाही म्हणून सांगायचं असेल, एकदा वाजवतो आणि ठेवतो, कवडीचुंबक. ठेवा परत वर. नको, मला नको, बिनसाखरेचा चहा पिईन मी उद्या, बिनदुधाचाही पिईन.

तर आता लसूण. लसणाशिवाय कसा व्हायचा पिझ्झा? हे फोडणीचं छोटं कढलं घेते, तेल, आणि हा ठेचलेला लसूण सगळाच. मूठभर. जास्त? असू दे. मोठ्या आचेवर एकदम खमंग होतो. तुम्ही तिला घेऊन जायला आलात ते कळतंय मला बापू, समजूत काढायला कोणी फोन फ्रीजवर ठेवत नाही. ती नाही म्हणाली तर? नाही म्हणायची नाही म्हणता? तुमच्यासमोर तर नाहीच म्हणायची, खरं आहे. तुम्हाला बघितलं की तिची परत कोरडी पोळी होईल. काय? वास येतोय? कसला? मला नाही येत, नाकही गेलंय माझं, वय झालं. करपत नाहीये हो, गुलाबी होतोय. गुलाबी! खिडकी? ती उघडत नाही, लाकूड फुगलंय. मघाशी तुम्ही काचेपाशीच उभे होतात नुसते. दारावर जाळी आहे ना, जाईल तिथून धूर. ह्या घरात काही शिजलं की जिन्याला कळतं. कढलं उतरवू? थांबा, अजून कच्चाय मधे — हात नका लावू, भाजेल! खोकताय काय, तरुण माणूस तुम्ही. डोळ्यांत पाणी आलं? धुरानंच आलं. पुसा — अहो, हातानं नका — अगंबाई! मिरच्या चिरलेला हात! सांगायला विसरलेच मी. चोळू नका, चोळू नका, आणखी आत जाईल! ह्या इकडं, इकडं मोरीपाशी, नळ सोडा. मोठा सोडा. आणखी मोठा! डोकंच घाला नळाखाली. उघडा डोळा, पापणी धरा बोटानं — त्या नाही, दुसऱ्या हाताच्या! आता दोन्ही गेले. धुवा, धुवा, भरपूर पाणी आहे टाकीत, कोणी बिल नाही विचारत. पाणी जाऊ द्या कानातसुद्धा—

—

काही नाही. काही बोलले नाही मी. धुवा तुम्ही.

बंद नका करू नळ! आत्ताच बंद केलात तर आग होईल परत. माझ्या भावाचं तसंच झालं होतं, दोन दिवस डोळे सुजून टोमॅटो. असंच वाकलेले राहा. हं. झाला लाल, पण फुटायचा नाही. मी केलं मुद्दाम? मी? सत्तरी उलटलेली बाई मी, मला कुठली मेलीला अक्कल! हा टॉवेल घ्या. तिथं नाही, इथं, माझ्या हातात. बसा. तीच खुर्ची आली का हाताला? बसा तिच्यावर. डुगडुगली! आता कढलं उतरवते — हा कोळसा झाला बघा सगळा. आणि पॅन, बाई गं, त्याचं तर लक्षातच नाही राहिलं.

ती घरघर? खालचं शिलाई मशीन. शिंपीणबाई बसली कामाला. तुम्हाला ऐकू येतं ते, मला आपलं पायाला जाणवतं. चालू द्या तिचं. तर मी काय सांगत होते? टॉपिंग. वरचं जे असतं ना, त्याला टॉपिंग म्हणतात, मला तो शब्द भिंगरीनं शिकवला. मी म्हणायची टोपी. पिझ्झ्याची टोपी. हसायची ती. पहिल्यांदा हसली तेव्हा आधी तोंडावर हात ठेवला, आणि मग हळूच काढला. घाई काय आहे तुम्हाला? दार का बघताय सारखं? येईल की. यायची तेव्हा येईल. टोमॅटो घ्याल का एक फोड, डोळ्यावर ठेवायला? नको? काकडी नाही. चालूच आहे नाही अजून मशीन? लांब शिलाई दिसते. पडदे असतील. पडद्यांना लागतो वेळ, सरळ कड, सरळ कड — मी काही घाबरलेली नाही, बोलायची सवयच आहे माझी, सुंभ जळला तरी पीळ—

थांबलं.

थांबलं ना? तुम्हालाही ऐकू आलं?

बरं. मग आता ऐक. हो, तुलाच म्हणते, ऐक. उजवा कान, डावा कान, दोन्ही ठणठणीत आहेत माझे. "मागच्या गल्लीत गाडी चालू ठेव, ओरडली तर ओरडू दे, म्हातारी बहिरी आहे" — हवेचंच बोलत होतास ना भावाशी? खिडकीही उघडते, कडी खालच्या बाजूला आहे. आणि दूधवाला सकाळी येतो रे, संध्याकाळी फोन करत नाही. दुकानातून निघाली की भिंगरी एकदा वाजवते आणि ठेवते, आणि तिचं नाव मी दूधवाला ठेवलंय, सहज, गंमत म्हणून, तू कधीतरी येशील म्हणून. तुला पाढेवाल्यांचं सांगितलं ना — पोरं त्यांना कधीच कशी सापडली नाहीत? ते आले की मी लसूण करपवायची. जिन्यात तो वास आला की पोरांनी वर पाऊल टाकायचं नाही, सरळ खाली शिंपीणबाईकडं जायचं. मशीन सुरू झालं म्हणजे पोरं पोचली. थांबलं म्हणजे पाढेवाल्यांच्या तावडीतून सुटून पुढच्या दारानं खेळायला गेली. भिंगरी एवढीशी होती तेव्हा, सगळ्यांत पुढं तीच पळायची. मला वाटलं, विसरली असेल. तू नळाखाली होतास तेव्हा आली ती जिन्यात, चपलेच्या बंदाचा आवाज करत, गुणगुणत — गुणगुणते ती आता — खालच्या वळणावर थांबली. मग चपला काढल्या तिनं. अनवाणी उतरली. मी ऐकलं.

कुठं गेली? मला नाही माहीत. आता खरंच नाही माहीत. मीच तिला बजावून ठेवलंय, ती वेळ आलीच तर कुठं जाणार ते मला सांगू नकोस, मी बडबडी आहे, माझे हातसुद्धा बडबडतात. मोठ्या रस्त्याला लागली एवढं खरं, आणि तुझी गाडी मागच्या गल्लीत पेट्रोल जाळत उभी आहे.

सुरी खाली ठेव. उठून उभा राहिलास म्हणून मी काही लहान होत नाही, आधीच केवढी आहे मी. आणि हा वास फक्त भिंगरीसाठी नसतो बाळा. एवढा धूर झाला की सगळा जिना वर येतो, म्हातारीनं घर पेटवलं का बघायला. ऐकू येतंय? शिंपीणबाईचे दोन्ही कारागीर आहेत ते, पायात बूट घालून धाडधाड चढतात मेले, आणि मागून तिसऱ्या मजल्यावरचा व्यायामवाला, आणि सगळ्यांत शेवटी ती स्वतः, गुडघे धरून.

तुला द्यायचा होता एक तुकडा, पाहुणा आहेस. पण बघ, माझी बाजू पार काळी झाली. तिची तेवढी राहिली, मका कसा पिवळाधमक आहे अजून. तो नाही मिळायचा तुला.

वाजलं बघ दार. जा. कडी तू लावलीस ना? मग तूच काढ. माझे हात पिठाचे आहेत.